कर्नल अपडेटनंतर लिनक्सचा लॅपटॉप सुरू होत नाही, तेव्हा

अपडेट आले, नेहमीप्रमाणे पासवर्ड देऊन ते बसवले, लॅपटॉप रीस्टार्ट केला, आणि लॉगिनच्या ओळखीच्या पडद्याऐवजी काळ्या स्क्रीनवर पांढऱ्या अक्षरांतल्या चार ओळी येऊन सगळे जागच्या जागी थांबले. लिनक्स नव्याने वापरू लागलेल्या माणसाला अशा वेळी पहिल्यांदा वाटते की आपल्या फायली गेल्या, आणि पाठोपाठ वाटते की आता सगळे पुसून नव्याने इन्स्टॉल करावे लागणार. या दोन्ही भीती बहुतेक वेळा निराधार असतात. कर्नल म्हणजे हार्डवेअर आणि प्रोग्राम यांना जोडणारा लिनक्सचा गाभा. त्याचे अपडेट तुमच्या फायली असलेल्या होम फोल्डरला हात लावत नाही. ते बूट फोल्डरात नव्या कर्नलची फाइल ठेवते, तिच्या जोडीला इनिट्रॅमएफएस नावाची दुसरी फाइल तयार करते, ड्रायव्हर मॉड्यूल्सचे एक नवे फोल्डर बनवते आणि बूटलोडरच्या यादीत एक नोंद वाढवते. बिघाड जवळजवळ नेहमी या चार गोष्टींपैकी एकीत असतो, आणि तो तिथल्या तिथे दुरुस्त होतो. म्हणून सर्वांत आधी एक कळकळीची विनंती: इन्स्टॉलरचा पेनड्राइव्ह लावून डिस्क पुसण्याचा पर्याय निवडू नका. खाली दिलेले सगळे करून पाहिल्यावरही तो मार्ग मोकळाच असतो. पण एकदा डिस्क पुसली की मागे फिरता येत नाही.

गाडी कोणत्या स्टेशनावर थांबली?

लॅपटॉप सुरू होण्याची क्रिया ठरावीक टप्प्यांनी जाते. प्रथम मदरबोर्डवरचे फर्मवेअर, म्हणजे यूईएफआय, जागे होते आणि बूटलोडर शोधते. बहुतेक वितरणांमध्ये, म्हणजे उबंटू, फेडोरा अशा लिनक्सच्या तयार रूपांमध्ये, हा बूटलोडर ग्रब असतो. ग्रब कर्नल आणि इनिट्रॅमएफएस या दोन फायली मेमरीत आणून ठेवतो आणि कर्नलच्या हाती सूत्रे देतो. इनिट्रॅमएफएस ही एक छोटी तात्पुरती फाइल प्रणाली असून खरी डिस्क उघडण्यासाठी लागणारे ड्रायव्हर तिच्यात भरलेले असतात. डिस्क सापडली की रूट विभाग, म्हणजे प्रणाली ज्यात आहे ते डिस्कचे पार्टिशन, जोडला जातो, सिस्टिमडी एकेक सेवा सुरू करते, आणि सर्वांत शेवटी लॉगिनचा पडदा येतो. आपल्याला शोधायचे आहे ते एवढेच की गाडी यांपैकी कुठे अडली, कारण उपाय त्यावरच ठरतो.

पॉवरचे बटण दहाएक सेकंद दाबून धरून लॅपटॉप पूर्ण बंद करा. बाहेरून जोडलेल्या डिस्क, पेनड्राइव्ह आणि डॉक काढून ठेवा. मग तो पुन्हा सुरू करा आणि यावेळी नीट पाहा. फोनने स्क्रीनचा फोटो काढला तर आणखी चांगले. ग्रबच्या मेनूआधीच काही अडले, तर दोष बूटलोडरमध्ये किंवा फर्मवेअरच्या सेटिंगमध्ये आहे. मेनूनंतर लगेच ‘कर्नल पॅनिक’ हे शब्द दिसले किंवा कॅप्स लॉकचा दिवा लुकलुकू लागला, तर कर्नल सुरू झाला पण त्याला पुढे जाता आले नाही. कंसात ‘इनिट्रॅमएफएस’ लिहून पुढे कर्सर थांबला असेल, तर डिस्क सापडलेली नाही किंवा तिची तपासणी अडली आहे. ‘इमर्जन्सी मोड’ असे लिहून आले, तर बहुतेक वेळा रूट विभाग जोडला गेला आहे आणि अडचण त्याच्या पुढची आहे. स्क्रीन नुसतीच काळी असेल, तर कंट्रोल आणि ऑल्टसह एफ३ दाबून पाहा. अक्षरी लॉगिन आले तर कर्नल व्यवस्थित चालू आहे आणि तक्रार फक्त ग्राफिक्सची आहे, हे दोन सेकंदांत कळते. कुठल्याशा सेवेची वाट पाहत असल्याची ओळ दिसत असेल आणि तिच्या शेवटी दीड मिनिटाची मुदत असेल, तर ती मुदत संपू द्या. अनेकजण ऐंशीव्या सेकंदाला बटण दाबतात, आणि नव्वदाव्या सेकंदाला जो खुलासा आला असता तो गमावतात.

एक सवय इथेच लावून घ्यावी. स्क्रीनवर दहा ओळी असतील तर शेवटची ओळ हा बहुधा परिणाम असतो. कारण पहिल्या चुकीच्या ओळीत असते. वाचायला वरून सुरुवात करा.

जुन्या कर्नलने आत शिरा

बहुतेक वितरणे नवा कर्नल बसवताना जुना काढून टाकत नाहीत, आणि नेमका हाच आपला परतीचा दरवाजा आहे. उबंटू आणि लिनक्स मिंट निदान आधीचा एक कर्नल शिल्लक ठेवतात. फेडोरा नेहमीच्या मांडणीत एका वेळी तीन ठेवते. त्यामुळे काल ज्या कर्नलवर लॅपटॉप नीट चालत होता, तो आजही डिस्कवर तसाच आहे. त्याची निवड करायची, इतकेच.

त्यासाठी ग्रबचा मेनू दिसायला हवा. डेबियनमध्ये तो पाच सेकंद दिसतो. उबंटूत लॅपटॉपवर एकच प्रणाली असेल तर तो लपवलेला असतो. यूईएफआय असलेल्या यंत्रावर कंपनीचे चिन्ह येऊन गेल्याबरोबर एस्केप एकदा दाबा, जुन्या बायोसच्या यंत्रावर शिफ्ट दाबून धरा. एस्केप घाईने वारंवार दाबले तर मेनूऐवजी ग्रबची आज्ञारेषा उघडते. तसे झाले तर गोंधळून न जाता कंट्रोल, ऑल्ट आणि डिलीट दाबून पुन्हा सुरुवात करा. फेडोरात एस्केप किंवा एफ८ दाबावे. मागचे बूट अर्धवट राहिले असेल तर ही वितरणे पुष्कळदा मेनू आपण होऊन दाखवतात, म्हणून दुसऱ्या प्रयत्नाला तो अचानक दिसला तर नवल वाटून घेऊ नये.

मेनूत ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’ने सुरू होणारी ओळ उघडा. आत कर्नलच्या आवृत्त्या उतरत्या क्रमाने असतात आणि प्रत्येकीच्या खाली तिचीच ‘रिकव्हरी मोड’वाली जोडओळ असते. रिकव्हरीचे शब्द नसलेली, वरून दुसरी आवृत्ती निवडा. उदाहरणार्थ ६.८.०-४५ चालत नसेल तर ६.८.०-४४ किंवा यादीत असेल ती त्याच्या आधीची. फेडोरात हे कर्नल मुख्य मेनूतच एकाखाली एक असतात.

लॅपटॉप सुरू झाला तर निम्मी लढाई संपली. हातातले काम अडले असेल तर ते खुशाल उरका. जुन्या कर्नलवर काही दिवस काम केल्याने काही बिघडत नाही. आर्च लिनक्स वापरणाऱ्यांची गोष्ट मात्र वेगळी आहे. तिथे नवा कर्नल जुन्याच्या जागी बसतो आणि जुना निघून जातो, म्हणून तिथे एलटीएस, म्हणजे दीर्घकाळ सांभाळल्या जाणाऱ्या, कर्नलचे पॅकेज आधीपासून जोडीला बसवून ठेवणे शहाणपणाचे असते. ते केले नसेल तर पेनड्राइव्हच्या भागाकडे थेट जावे लागेल.

पुढे ज्या आज्ञा येतात त्या इथे उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या रोमन लहान अक्षरांत टाइप करायच्या, आणि आडव्या रेघा व मोकळ्या जागा जिथल्या तिथे ठेवायच्या. सुरुवातीचा ‘सुडो’ म्हणजे ती आज्ञा प्रशासकाच्या अधिकाराने चालवणे. पहिली चार-पाच अक्षरे लिहून टॅब दाबले की उरलेली आज्ञा बहुधा आपोआप पूर्ण होते. कर्नलच्या आवृत्तीसारखे लांबलचक आकडेही तसेच पूर्ण करून घ्यावेत, कारण तिथे एका अंकाची चूक महागात पडते.

बूट विभाग भरलेला आहे का?

जुन्या कर्नलने आत शिरल्यावर मी सर्वांत आधी हेच पाहतो, आणि नवशिक्यांनीही इथूनच सुरुवात करावी, असे माझे ठाम मत आहे. डिस्क कूटबद्ध (एन्क्रिप्ट) करून लिनक्स इन्स्टॉल केले असेल, तर बूट फोल्डर सहसा वेगळ्या, न कूटबद्ध केलेल्या विभागावर असते. जुन्या इन्स्टॉलेशनांमध्ये हा विभाग अर्ध्या-पाऊण गिगाबाइटचाच असायचा. तेव्हा इनिट्रॅमएफएस लहान असे. आता ग्राफिक्सचे ड्रायव्हर आणि त्यांचे फर्मवेअर आत भरले जाते, तेव्हा एकेक फाइल शंभर मेगाबाइटच्या घरात पोहोचते. तीन कर्नल साठले की विभाग तुडुंब भरतो.

माझ्या स्वतःच्या लॅपटॉपवर हे घडले तेव्हा मला ते समजायला अख्खी रात्र लागली होती. स्क्रीनवर कर्नल पॅनिक होते आणि शेवटी ‘व्हीएफएस: अनेबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक’ असे लिहून कंसात दोन शून्ये होती. रूट जोडता येत नाही, हे वाचून डिस्कच गेली असे मी धरून चाललो आणि बॅकअपच्या मागे लागलो. पहाटे जुन्या कर्नलने लॅपटॉप सहज उघडला. बूट फोल्डरातल्या फायलींची यादी आकारासह पाहिली, तेव्हा जुन्या दोन आवृत्त्यांच्या दोन इनिट्रॅमएफएस फायली दिसल्या आणि नव्या आवृत्तीची फाइल तिथे नव्हतीच. मग अपडेटची नोंद उघडली. शेकडो ओळींच्या मधोमध ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’ ही एक ओळ होती. ती माझ्या डोळ्यांसमोरून सरकत गेली होती आणि मी ती वाचली नव्हती. कर्नल आला होता, पण डिस्क उघडण्यासाठीची किल्ली त्याच्या हातात कोणी दिलीच नव्हती. तो दोन शून्यांचा संदेश नेमके हेच सांगत असतो: बहुतेक वेळा डिस्क धडधाकट असते आणि इनिट्रॅमएफएस तेवढी गायब किंवा अपुरी असते.

तपासण्यासाठी ‘डीएफ -एच /बूट’ ही आज्ञा द्या. वापराच्या रकान्यात शंभर टक्के किंवा त्याच्या जवळपासचा आकडा असेल तर कारण सापडले. आता आपण सध्या कोणत्या कर्नलवर आहोत ते ‘यूनेम -आर’ने पाहा आणि तो आकडा कागदावर लिहून ठेवा, कारण पुढच्या साफसफाईत याच कर्नलला चुकूनही हात लावायचा नाही. उबंटू, मिंट आणि डेबियनवर ‘सुडो एपीटी ऑटोरिमूव्ह --पर्ज’ ही आज्ञा अनावश्यक जुने कर्नल काढते. काय काढणार आहे त्याची यादी ती आधी दाखवते. ती यादी वाचा आणि मगच होकार द्या. बूट फोल्डरातल्या फायली हाताने डिलीट करण्याचा मोह टाळावा, कारण पॅकेज व्यवस्थापकाच्या लेखी ते कर्नल मग अजून बसवलेलेच राहतात आणि पुढच्या अपडेटला तो त्यांच्यासाठी पुन्हा फायली बनवायला जातो.

या नियमाला एक व्यवहार्य अपवाद आहे. कधी विभाग इतका भरलेला असतो की एपीटी, म्हणजे पॅकेज व्यवस्थापकच, स्वतः अडकून बसते आणि आधीचे अर्धवट काम पुरे केल्याशिवाय काहीच काढू देत नाही. अशा वेळी सर्वांत जुन्या आवृत्तीची, म्हणजे सध्या चालू नसलेल्या कर्नलची, इनिट्रॅमएफएस फाइल ‘सुडो एमव्ही’ने बूट विभागाबाहेर, रूट वापरकर्त्याच्या फोल्डरात हलवा. ती पुसायची नाही, फक्त बाजूला ठेवायची. जागा झाली की ‘सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’ आणि त्यानंतर ‘सुडो एपीटी --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल’ द्या. अर्धवट राहिलेले बांधकाम यात बहुधा पूर्ण होते, आणि मग ऑटोरिमूव्हही मुकाट्याने चालते.

शेवटी नव्या कर्नलची इनिट्रॅमएफएस खरोखर तयार झाली की नाही याची खात्री करा. ती नसेल तर ‘सुडो अपडेट-इनिट्रॅमएफएस -सी -के’ आणि पुढे नव्या कर्नलची पूर्ण आवृत्ती लिहा. ती असेल पण शेजारच्या फायलींच्या मानाने संशयास्पद लहान असेल, तर -सीच्या जागी -यू लिहा. त्यानंतर ‘सुडो अपडेट-ग्रब’. फेडोरात हेच काम ‘सुडो ड्रॅकट --फोर्स --केव्हर’ आणि पुढे आवृत्ती लिहून होते, तर आर्चमध्ये ‘सुडो एमकेइनिटसीपीआयओ -पी’ने होते. या शेवटच्या आज्ञेतला पी मोठ्या लिपीतला आहे, एवढे लक्षात ठेवा.

स्क्रीन काळी, पण यंत्र चालू

एनव्हिडियाचे ग्राफिक्स कार्ड असलेल्या लॅपटॉपवर दोष पुष्कळदा बंदिस्त ड्रायव्हरच्या मॉड्यूलमध्ये असतो. हे मॉड्यूल कर्नलच्या प्रत्येक आवृत्तीशी जुळणारे लागते. काही वितरणे ते तयार करून देतात, इतर ठिकाणी ते तुमच्याच यंत्रावर, अपडेटच्या वेळी, बांधले जाते आणि हे बांधण्याचे काम डीकेएमएस नावाची व्यवस्था करते. बांधकामासाठी कर्नलची हेडर पॅकेजे लागतात. ती नसतील, किंवा ड्रायव्हर जुना आणि कर्नल फारच नवा असेल, तर बांधकाम फसते. नवा कर्नल सुरू होतो, पण चित्र काढणारा हात त्याला नसतो.

जुन्या कर्नलवरून ‘डीकेएमएस स्टेटस’ द्या. एनव्हिडियाच्या ओळीत नव्या कर्नलच्या आवृत्तीपुढे ‘इन्स्टॉल्ड’ लिहिलेले नसेल तर हेच कारण आहे. त्या आवृत्तीचे हेडर पॅकेज बसवा आणि ‘सुडो डीकेएमएस ऑटोइन्स्टॉल -के’पुढे आवृत्ती लिहून बांधकाम पुन्हा करून घ्या. फेडोरात हे काम एकेमॉड्स करते आणि ते अपडेट संपल्यावरही पार्श्वभूमीत काही मिनिटे चालू असते. लगेच रीस्टार्ट केले तर ते अर्धवट तुटते. तिथे अपडेटनंतर पाच मिनिटे थांबणे हाच निम्मा उपाय आहे.

जुना कर्नल हाताशी नसेल आणि नव्यानेच आत जायचे असेल, तर ग्रबच्या मेनूत त्या ओळीवर जाऊन ई हे अक्षर दाबा. छोटे संपादनाचे पान उघडेल. त्यात ‘लिनक्स’ या शब्दाने सुरू होणारी ओळ शोधा, तिच्यातले ‘क्वाएट’ आणि ‘स्प्लॅश’ हे शब्द काढा, ओळीच्या शेवटी जागा सोडून ‘नोमोडसेट’ हा एक सलग शब्द लिहा आणि एफ१० दाबा. पहिले दोन शब्द काढल्याने बूट होतानाचे सगळे संदेश दिसू लागतात; नोमोडसेटमुळे कर्नल ग्राफिक्सच्या खास ड्रायव्हरच्या फंदात न पडता साध्या चित्रावर काम चालवतो. हा बदल त्या एका बूटपुरताच असतो, म्हणून तो करून पाहायला घाबरू नये. स्क्रीन जाड अक्षरांची, मंद आणि विचित्र आकाराची दिसली तरी ती तशीच अपेक्षित आहे. मात्र नोमोडसेट कायमचे लिहून ठेवून दुरुस्ती झाली असे समजणे चुकीचे आहे, कारण त्यात ग्राफिक्स कार्ड जवळजवळ निजवून ठेवलेले असते.

याच ठिकाणी सिक्युअर बूटचा, म्हणजे फक्त सही असलेले सॉफ्टवेअर सुरू होऊ देणाऱ्या फर्मवेअरच्या सेटिंगचा, गुंता आडवा येतो. सिक्युअर बूट चालू असेल तर सही नसलेले मॉड्यूल कर्नल स्वीकारत नाही, आणि नोंदींमध्ये ‘की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस’ ही ओळ येते. तुमच्या यंत्रावर बांधलेल्या मॉड्यूलवर तुमच्याच यंत्राची किल्ली वापरून सही होते, पण ती किल्ली फर्मवेअरच्या पातळीवर एकदा नोंदवावी लागते. ड्रायव्हर बसवताना एक पासवर्ड विचारला जातो आणि पुढच्या रीस्टार्टला निळ्या पार्श्वभूमीचा एक पडदा येतो, तो यासाठीच. नवखा माणूस तिथे बावरून ‘कंटिन्यू बूट’ निवडतो आणि नोंदणी राहून जाते. ‘एनरोल मॉक’ निवडून तोच पासवर्ड द्यायचा असतो. संधी हुकली असेल तर उबंटूवर ‘सुडो अपडेट-सिक्युअरबूट-पॉलिसी --एनरोल-की’ दिल्याने तो पडदा पुढच्या रीस्टार्टला परत येतो.

ग्रबमध्येच ‘बॅड शिम सिग्नेचर’ असे आले, तर खुद्द कर्नलवर ग्राह्य सही नाही. वितरणाच्या अधिकृत कर्नलबाबत असे सहसा होत नाही. बाहेरून उतरवलेल्या कर्नलबाबत होते, आणि अशा वेळी वितरणाच्या कर्नलकडे परतावे. तपासणीसाठी सिक्युअर बूट तात्पुरते बंद करता येते, पण त्याच लॅपटॉपवर विंडोज असेल आणि त्याची डिस्क बिटलॉकरने कूटबद्ध असेल, तर विंडोज पुढच्या वेळी रिकव्हरी की मागू शकते. ती हाताशी आहे याची खात्री केल्याशिवाय ते सेटिंग बदलू नका.

डिस्क सापडत नाही, किंवा तपासणी मागते

इनिट्रॅमएफएसच्या आज्ञारेषेवर थांबलेल्या लॅपटॉपवर दोन वेगवेगळे संदेश दिसू शकतात. ‘रन एफएसके मॅन्युअली’ अशा अर्थाची ओळ असेल, तर कर्नल निर्दोष आहे. लॅपटॉप मध्येच बंद पडल्यामुळे फाइल प्रणालीत विसंगती राहिली आहे. एफएसके ही आज्ञा रोमनमध्ये एफ, एस, सी, के या चार अक्षरांनी लिहितात. ती लिहून पुढे संदेशात दिलेले विभागाचे नाव जसेच्या तसे द्या, प्रश्नांना होकार द्या आणि काम संपल्यावर ‘एक्झिट’ लिहा. हे ईएक्सटी४ प्रकारच्या विभागाला लागू आहे. बीटीआरएफएस असेल तर दुरुस्तीची आज्ञा स्वतःच्या मनाने चालवू नका, तिथे ती नुकसानही करू शकते. आणि वाचन-लेखनाच्या चुकांच्या ओळी सतत येत असतील, तर डिस्क म्हातारी झाली आहे. दुरुस्तीआधी पेनड्राइव्हवरून सुरू होऊन फायलींची प्रत काढा.

दुसरा संदेश म्हणजे एक लांबलचक ओळखक्रमांक देऊन तो अस्तित्वातच नाही असे सांगणारा. जुना कर्नल त्याच डिस्कवरून चालत असेल, तर डिस्क आहे आणि नव्या इनिट्रॅमएफएसमध्ये तिचा ड्रायव्हर किंवा कूटबद्धता उघडण्याचे साधन राहून गेले आहे. ती वर सांगितल्याप्रमाणे पुन्हा बांधा. जुना कर्नलही हेच म्हणत असेल तर फर्मवेअरमध्ये जाऊन डिस्कची रीत, म्हणजे डिस्कशी बोलण्याची पद्धत, एएचसीआयवरून रेड (आरएआयडी) वर किंवा उलट बदलली गेली आहे का ते पाहा.

इमर्जन्सी मोडचे एक कारण सांगण्याजोगे आहे, कारण ते फार फसवे असते. आर्चसारख्या वितरणात अपडेटच्या वेळी बूट विभाग जोडलेला नसेल, तर नवा कर्नल चुकीच्या जागी उतरतो. पुढच्या वेळी जुनाच कर्नल सुरू होतो, पण त्याची मॉड्यूल्स आता डिस्कवर नसतात. त्यामुळे त्याला साधा व्हीफॅटचा विभागही जोडता येत नाही. ‘यूनेम -आर’चा आकडा आणि लिब फोल्डरातल्या मॉड्यूल्सच्या फोल्डराचे नाव जुळत नसेल तर हेच झाले आहे. बूट विभाग जोडून कर्नलचे पॅकेज पुन्हा बसवले की प्रश्न मिटतो, आणि गरज पडली तर ते पेनड्राइव्हवरून करावे.

एकही कर्नल चालत नसेल तर

दुसऱ्या संगणकावर आपल्याच वितरणाचा लाइव्ह पेनड्राइव्ह तयार करा आणि त्यावरून, इन्स्टॉल न करता, सुरू व्हा. उद्देश असा की पेनड्राइव्हवरच्या चालत्या प्रणालीतून आपल्या आजारी प्रणालीच्या आत शिरायचे आणि तिथे वरच्याच दुरुस्त्या करायच्या. ‘एलएसबीएलके -एफ’ने विभागांची यादी पाहून आपला रूट विभाग ओळखा. तो सुडोसह ‘माउंट’ने एमएनटी फोल्डराला जोडा, मग बूट विभाग वेगळा असेल तर तो आणि शेवटी ईएफआयचा विभाग त्यांच्या त्यांच्या जागी जोडा. फेडोरात रूट विभाग बीटीआरएफएस असतो आणि जोडताना ‘-ओ सबव्हॉल=रूट’ हा पर्याय द्यावा लागतो; तो विसरला तर आत केवळ दोन-तीन फोल्डर दिसतात आणि माणूस घाबरतो. त्यानंतर डेव्ह, प्रॉक, सिस आणि रन ही चार फोल्डरे ‘माउंट --आरबाइंड’ने आत न्या आणि ‘सुडो सीएच-रूट /एमएनटी’ लिहा. सीएच-रूट हा शब्द प्रत्यक्षात मधली रेघ न देता सलग लिहायचा. आर्चच्या पेनड्राइव्हवर ही सगळी खटपट ‘आर्च-सीएच-रूट’ ही एकच आज्ञा करते.

डिस्क कूटबद्ध असेल तर जोडण्याआधी ती ‘क्रिप्टसेटअप ओपन’ने उघडावी लागते. उघडताना जे नाव द्याल ते तुमच्या प्रणालीच्या क्रिप्टटॅब फाइलमधल्या नावाशी तंतोतंत जुळले पाहिजे. डेबियन आणि उबंटूत दुसरेच नाव दिले तर आत सगळे व्यवस्थित दिसते, इनिट्रॅमएफएस बिनबोभाट तयार होते, आणि तरीही रीस्टार्टनंतर लॅपटॉप डिस्कचा पासवर्डच विचारत नाही. पहिल्यांदा कोणते नाव द्यायचे ते माहीत नसेल, तर कोणत्याही नावाने उघडून ती फाइल वाचा, जोडलेले विभाग सोडवून डिस्क बंद करा आणि योग्य नावाने पुन्हा उघडा.

सगळे नीट आहे, तरी नवा कर्नल चालत नाही

कधीकधी खरोखरच कर्नलमध्ये दोष असतो, आणि ते मान्य करण्यात संकोच नको. २०२२ साली आलेल्या ५.१९.१२ या आवृत्तीत इंटेलच्या ग्राफिक्सच्या काही लॅपटॉपांचा पडदा पांढरा लखलखू लागला होता. पडद्याला इजा होण्याची शक्यता बोलली गेली आणि ५.१९.१३मध्ये तो बदल मागे घेतला गेला. डिसेंबर २०२३मध्ये ६.१.६४ कर्नलमधल्या ईएक्सटी४च्या दोषामुळे डेबियनने १२.३ ही आवृत्ती थांबवून थेट १२.४ दिली. अशा वेळी आपण जुन्या कर्नलवर थांबायचे आणि पुढच्या अपडेटची वाट पाहायची.

थांबायचे असेल तर दर वेळी मेनूत शिरावे लागू नये म्हणून फेडोरात ‘सुडो ग्रबी --सेट-डिफॉल्ट’ आणि पुढे जुन्या कर्नलच्या फाइलचा पूर्ण मार्ग लिहावा. उबंटूत ग्रबच्या डिफॉल्ट फाइलमध्ये (/ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब) ‘ग्रब_डिफॉल्ट’च्या पुढे ‘सेव्ह्ड’ आणि तिच्याच खाली ‘ग्रब_सेव्हडिफॉल्ट=ट्रू’ असे (ग्रबने सुरू होणारी नावे मोठ्या लिपीत) लिहून अपडेट-ग्रब चालवले, की शेवटी निवडलेला कर्नलच पुढेही निवडला जातो. ‘एपीटी-मार्क होल्ड’ने कर्नलची अपडेट रोखून धरता येतात, पण मग सुरक्षेच्या दुरुस्त्याही रोखल्या जातात. म्हणून होल्ड लावला तर तो काढण्याची तारीख त्याच दिवशी कॅलेंडरमध्ये लिहा.

दोषाची तक्रार आपल्या वितरणाच्या बग नोंदवहीत जरूर करावी. चालणाऱ्या आणि न चालणाऱ्या दोन्ही कर्नलांच्या पूर्ण आवृत्त्या, लॅपटॉपचे मॉडेल, स्क्रीनचा फोटो आणि ‘जर्नलसीटीएल -बी -१’ने मिळणारी मागच्या बूटची नोंद, एवढे दिले की तपासणाऱ्याचे काम पुष्कळ हलके होते. बूट फार लवकर अडले असेल तर ती नोंद डिस्कवर पोहोचलेलीच नसते आणि ती आज्ञा त्याही आधीचे, यशस्वी बूट दाखवते. म्हणून तारीख आणि वेळ आधी तपासा. अशा प्रसंगी फोटो हाच एकमेव पुरावा असतो.

लॅपटॉप पुन्हा चालू झाल्यावर त्याच बैठकीत दहा मिनिटे आणखी द्या. उबंटू आणि मिंटवर ग्रबच्या डिफॉल्ट फाइलमध्ये ‘ग्रब_टाइमआउट_स्टाइल’पुढे ‘मेनू’ आणि ‘ग्रब_टाइमआउट’पुढे ५ लिहून अपडेट-ग्रब चालवा, म्हणजे मेनू दर वेळी पाच सेकंद दिसेल. लाइव्ह पेनड्राइव्ह पुसून दुसऱ्या कामाला न लावता लॅपटॉपच्या पिशवीत ठेवा. आणि कर्नलचे अपडेट बसवताना खिडकी मिटवण्याआधी वरपर्यंत सरकवून एकदा तरी ‘एरर’ किंवा ‘नो स्पेस’ हे शब्द शोधा. ते दिसले तर लॅपटॉप रीस्टार्ट करू नका. जुना कर्नल अजून चालू आहे तोवरच वर सांगितल्याप्रमाणे बूट विभागात जागा करून घ्या.